तिसरं कार्ड

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मी एका संस्थेच्या सर्वेक्षणासाठी कामरगावजवळच्या एका खेड्यात राहत होते. लोकांना काय हवं ते थेट विचारायचं नाही, अशी त्या कामाची रीत. समोर चित्रांची तीन कार्डं ठेवायची. पहिल्यावर लांबचा दवाखाना, पण डॉक्टर कायम हजर. दुसऱ्यावर जवळचा, पण डॉक्टर अधूनमधून येणारा. तिसऱ्यावर गावातलं उपकेंद्र, आहे तसंच. माणूस काय उचलतो आणि त्यासाठी काय सोडतो, यावरून त्याच्या मनाचा कल कळतो, असं आम्हाला शिकवलं होतं.

गावात जवळजवळ सगळे तिसरं कार्ड उचलायचे. उपकेंद्राची नर्स तिथंच राहायची, केव्हाही दार उघडायची. मी जिच्याकडे उतरले होते त्या मावशीची सून गरोदर होती. नर्स रोज तिला बघून जाई.

मग ऑफिसातून नवीन कार्डं आली. तिसरं नव्हतंच. मी फोन केला.

"सगळे तेच उचलतात, त्यातून काही कळत नाही. दोनांतूनच निवडू द्या," साहेब म्हणाले.

"उपकेंद्र बंद होणार आहे का?"

"तो आपला विषय नाही."

सकाळी ओसरीवर मी दोन कार्डं मांडली. मावशीनं ती उलटून पाहिली, माझी पिशवीही चाचपली.

"बाई, आपलं कुठी गेलं?"

"या वेळी दोनच आहेत, मावशी."

"म्हंजे ठरलं वाटते."

सुनेचं बीपी बघायला आलेली नर्स माझ्याकडे न बघता पट्टा गुंडाळत राहिली. मावशीनं लांबच्या दवाखान्याकडे हात नेला, तशी सुनेनं तो धरला.

"आई, उचलू नका."

"नाई उचललं तं बिनडॉक्टरचा येईन ना वं!" मावशीनं हात सोडवला आणि कार्ड उचललं.

बाहेर नर्सला गाठलं. ती हळूच म्हणाली, "माही बदली हाय. तोंडी सांगतलं. कोणाले बोलू नका." त्याच दिवशी मी काम सोडलं. ऑफिसला कारण लिहून कळवलं; उत्तर आलं नाही.

पोळ्याच्या सुमारास उपकेंद्राला कुलूप लागल्याचं मला नंतर कळलं. मावशीच्या सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा तिला जीपनं कारंज्याच्या दवाखान्यात न्यायला निघाले. बाळ वाटेत जीपमध्येच झालं. दोघी वाचल्या, पण सुनेचं रक्त फार गेलं.

पुढे वर्षभरानं मावशी मला कामरगावच्या स्टँडवर भेटली, कडेवर नात.

"सून कशी आहे?"

"माहेरीच हाय. पोरीले भेटवून आणतो मी. थे म्हणते, आता त्या गावात नाई येत." मग इकडेतिकडे बघून म्हणाली, "कालपासून दुसरी बाई आली हाय गावात. शाळेचे चित्रं दाखवून राह्यली. दोनच हायेत."

जीपवाला ओरडत होता. नात माझ्याकडे देऊन ती चढली, मग मी नात परत तिच्या मांडीवर दिली.