काढा औषधात धरत नाहीत

मुलांनो, गेल्या रविवारी तुम्ही व्हिडिओ कॉलवर विचारलंत, शेजारच्या आजी हल्ली का दिसत नाहीत. तुमचे बाबा मध्येच बोलले आणि विषय राहून गेला. उत्तर माझ्याकडूनच कळावं, म्हणून लिहिते.

माझीच प्रतिकारशक्ती माझ्या सांध्यांवर उलटली आहे, हे तुम्हाला माहीत आहे. तिला शांत ठेवणारं इंजेक्शन मी दर पंधरा दिवसांनी पोटावर घेते. धुळ्याहून जळगावला डॉक्टरांकडे जाताना पर्समध्ये माझा तक्ता असतो: औषध, मात्रा, वेळ. डॉक्टर दर वेळी विचारत, "याशिवाय दुसरं काही औषध?" मी सांगे, "काही नाही."

खोटं बोलत नव्हते. शेजारीण रोज सकाळी स्टीलच्या पेल्यात गुळवेलीचा काढा आणायची. पिंपळनेरजवळ तिच्या भावाच्या शेतात ती वेल कडुलिंबावर चढली आहे. "पी ले वं अक्का, ताकद येई," म्हणायची. मी तोंड वाकडं केलं की, "इतली शिकेल बाई तू, आनि कडू म्हटलं का पोरगी व्हई जास." मग तासभर बसायची. तुमचे आजोबा गेल्यापासून समोर बसून माझ्याशी बोलणारं दिवसभरात तेवढंच माणूस. आणि काढा आमच्याकडे कुणी औषधात धरत नाही. तो घरचा, चहासारखा.

मग रक्ततपासणीत यकृताचे आकडे वाढलेले निघाले. डॉक्टरांनी इंजेक्शन थांबवलं. तीन आठवड्यांत बोटं अशी सुजली की दाराची कडी सरकेना. पुढच्या खेपेला त्यांनी प्रश्न बदलला: "सकाळी उठल्यापासून पोटात काय काय जातं?" मी क्रमाने सांगत गेले. काढ्याशी आले तसं त्यांनी पेन खाली ठेवलं. इंजेक्शन ज्या प्रतिकारशक्तीला निजवतं तिलाच गुळवेल उठवू पाहते, म्हणाले, शिवाय काहींच्या यकृताला ती बाधते. "आकडे तिच्यामुळेच वाढले असं छातीठोक सांगत नाही. पण बंद करा."

दुसऱ्या सकाळी पेला आला. मी तिला सगळं सांगितलं, डॉक्टरांच्याच शब्दांत, मुद्देसूद. तिथेच चुकलं. यकृताला बाधते, एवढंच तिने ऐकलं.

"म्हंजे मी तुले जहर पाजत व्हतू?"

तसं नाही गं, माझं इंजेक्शनच वेगळं आहे, असं मी म्हणेपर्यंत ती पेला उचलून निघाली होती.

पुढे आकडे उतरले, इंजेक्शन पुन्हा सुरू झालं. बोटं आता वळतात. मी दोनदा तिच्या घरी गेले. दोन्ही वेळा सून म्हणाली, झोपल्या आहेत. सकाळचे दहा वाजले होते.

संध्याकाळी दूध आणायला जाताना ती आमच्या फाटकापाशी थांबते. माझी तब्येत विचारते, मी तिच्या गुडघ्याचं विचारते. आत ये म्हटलं की हात हलवून पुढे जाते. फाटकापाशी तेवढं बोलणं अजून होतं.