दुसरी नळी

बाळांनो, औंढ्याच्या दवाखान्यात एक तरुण शेतमजूर बाई माझ्या शेजारी बसली होती. तिच्या पदराला फवारणीच्या औषधाचा उग्र वास येत होता. "लेकरू राहतं आजी, पण टिकत न्हाई," एवढंच ती मला म्हणाली.

फवारणीमुळे रक्तपेशींतल्या गुणसूत्रांना झालेली इजा कोणत्या तपासणीत नीट दिसते, हे पाहायला आलेल्या संशोधक मुलीने त्या बाईच्या रक्ताच्या दोन नळ्या भरल्या.

"दोन काहून, ताई? एक सांडली तर म्हणून?"

"नाही हो. एकीतल्या पेशी आजच पाहायच्या. दुसरीतल्या आधी उबेत वाढवायच्या, मग पाहायच्या."

"माझ्या रक्तातल्या? वाढतेत?"

"वाढतात की."

निकाल कधी, हे तिने विचारलं नाही. दुसरी नळी मात्र मागून घेतली आणि प्रयोगशाळेची गाडी येईपर्यंत ती दोन्ही तळहातांत धरून, पदराखाली घेऊन बसली.