सौजन्य, पुंजाबाबा

“हे माझं नाही. ज्याचं आहे त्याचं नाव सांगते.”

हे वाक्य उज्वलाताईंच्या तोंडी कायम असायचं. हळदीकुंकवात उखाणा घेतला तरी खाली बसता बसता त्या म्हणणार, उखाणा माझा नाही, सावित्रीबाईंच्या सुनेचा आहे. त्यांच्या तिळाच्या चटणीला कुणी छान म्हटलं तर ती चटणी चिमणाबाईंची. चिमणाबाई पेठ तालुक्यातून ताईंच्या माहेरी, पिंपळगावला, द्राक्षांच्या कामाला यायच्या, तेव्हा त्यांनी शिकवली होती. आमच्या स्टँडवरचा निवृत्ती टपरीवाला एकदा म्हणाला, “ताई, शिंक आली तर ती तरी तुमची का?”

ताई न हसता म्हणाल्या, “शिंक माझी. सर्दी आमच्या ह्यांची.”

आमचं गाव सिन्नरच्या पूर्वेला आहे. पाऊस इथपर्यंत येता येता विचार बदलतो, आणि माणसं त्याची वाट पाहता पाहता बोलकी होतात. अशा गावात एका खोलीचं वाचनालय आहे. खोलीला एक खिडकी, खिडकीशी एक टेबल, आणि त्या टेबलामागं ताईंचं सारं आयुष्य गेलं. पुस्तक देताना त्या ते दोन्ही हातांनी देत, लेकुरवाळीच्या हातात तिचं मूल परत द्यावं तसं.

आणि ताई भित्र्या होत्या. हे मी त्यांच्या तोंडावरही म्हटलेलं आहे. ढगात गडगडलं की त्या वाचनालयाचं दार लावून घेत. अनोळखी नंबरचा फोन वाजला की तो वाजायचा थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत बसत. कुत्रं आडवं आलं तर वाट बदलत. अशा बाईनं अणुबॉम्बचा इतिहास हाती घ्यावा याचं गावाला नवल वाटलं. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “भीती वाटते म्हणूनच वाचलं. अंधारात काय आहे ते कळलं नाही की जास्त भीती वाटते.”

“मग कळल्यावर कमी झाली का?”

“नाही. पण आता ती कशाची आहे ते माहीत झालं.”

वर्षभर त्या वाचत होत्या. ऑगस्टात वाचनालयात प्रदर्शन भरवायचं ठरलं. जाड पुठ्ठ्यांवर त्यांनी आपल्या गोल, सावकाश अक्षरात सगळं लिहून काढलं. अणू फुटतो हे आधी कुणाला कळलं, छळाच्या भीतीनं देश सोडून पळालेल्या शास्त्रज्ञांनी दुसऱ्या देशात काय केलं, डोंगरावर कुंपणाआड गुपचूप वसवलेलं गाव, वाळवंटातला पहिला स्फोट, आणि मग ती दोन शहरं. एका पुठ्ठ्यावर कारखान्यातल्या पोरी होत्या. दिवसभर यंत्रापुढे बसून काटा हलला की बटण फिरवायचं, एवढंच त्यांना सांगितलेलं. आपण काय घडवतोय हे त्यांना लढाई संपल्यावर कळलं. 

प्रत्येक पुठ्ठ्याच्या तळाशी रेघ मारून ताईंनी लिहिलं होतं, हे कुणाचं. कुठल्या पुस्तकातलं, ते मराठीत कुणी आणलं, आपल्या वाचनालयाला ते कुणी दिलं. आफ्रिकेतल्या खाणींतून बॉम्बासाठी माती निघाली, तिथं त्यांनी लिहिलं, ‘खणणाऱ्यांची नावं पुष्कळ शोधली. मिळाली नाहीत.’ ती ओळ लिहून झाल्यावर त्या पेन खाली ठेवून बसून राहिल्या होत्या.

शेवटचा पुठ्ठा मात्र पुस्तकातला नव्हता. तो पुंजाबाबाचा होता.

पुंजाबाबाचा बाप खंडेराव मराठा पलटणीत शिपाई. लढाई संपल्यावर ती पलटण जपानात ठेवली होती, आणि खंडेरावानं ते जळालेलं शहर पायी पाहिलं. तिथं त्यानं पडक्या घराचं एक कौल उचललं. कौलाला फोड आले होते, भाजलेल्या पापडाला येतात तसे. तो गावी परतला, लग्न केलं, घर बांधलं, आणि मरेपर्यंत दर उन्हाळ्यात शिडी लावून स्वतःच्या घराच्या कौलांवरून हात फिरवत राहिला. फोड आलेत का ते बघायला. गाव त्याला खुळा खंडू म्हणायचं.

पुंजाबाबानं हे सगळं ताईंना सांगितलं ते एकाच अटीवर. “बापाचं नाव भिंतीला लागलं पायजे. गावानं त्याला लय हसून घेतलंय.”

ताईंनी शब्द दिला. नाव लिहायचा शब्द देणं त्यांना जड नव्हतंच.

स्टँडवर लावायचा फ्लेक्स सिन्नरच्या संतोषकडं छापायला दिला. ताईंनी मजकूर फोनवर पाठवला. वर प्रदर्शनाचं नाव, खाली ‘स्रोत’, आणि त्यापुढे पुस्तकांची नावं नि शेवटी पुंजाबाबाचं पूर्ण नाव. संतोषचा जन्म वाढदिवसाच्या फ्लेक्सांत गेलेला. पुस्तकांची नावं मावेनात म्हणून त्यानं काढून टाकली. माणसाचं नाव आडनाव गाळून ‘पुंजाबाबा’ एवढंच ठेवलं. आणि ‘स्रोत’ हा शब्द काही त्याला पटला नाही.

सकाळी फ्लेक्स लागला. मागं आभाळाएवढा धुराचा छत्रीसारखा लोट. त्यावर लाल अक्षरांत ‘अणुबॉम्ब’. ‘कसा घडला’ हे शब्द त्या धुरातच विरून गेलेले. आणि खाली ठसठशीत पिवळ्या अक्षरांत, ‘सौजन्य : पुंजाबाबा आणि समस्त ग्रामस्थ’.

ताईंनी लगेच संतोषला फोन केला. पलीकडून तो म्हणाला, “ताई, खाली नाव असलं की सौजन्यच असतं. स्रोत म्हणजे नदीबिदी ना? मला वाटलं, तुमची चूक झाली. मी दुरुस्त करून दिलं.”

आधी गाव हसलं. समस्त ग्रामस्थांच्या सौजन्यानं बॉम्ब, म्हणून एकमेकांना टाळ्या दिल्या. मग कुणीतरी फोटो काढला, कुणीतरी तो पुढं पाठवला, आणि दुपारपर्यंत त्याच्याखाली नवीनच ओळ चिकटली होती : नाशिक जिल्ह्यातल्या म्हाताऱ्यानं घरी बॉम्ब बनवला, तपास सुरू. नामपूरच्या कांदा मार्केटात गेलेल्या आमच्या माणसाला तिथल्या हमालानं तो फोटो दाखवून विचारलं, “तुमना गावना शे ना हाऊ?” तुमच्याच गावचा ना हा, असं त्याच्या अहिराणीत. तेव्हा हसू मावळलं.

आमच्या गावात पुंजा चार आहेत. एक फोटो आल्या दिवशीच लेकीकडं निघून गेला. दुसऱ्यानं फोन बंद करून पेटीत ठेवला. तिसरा टपरीवर येऊन ज्याला त्याला सांगू लागला, “मला बाबा कोणी म्हनत नाय. पुंजाशेठ म्हनत्यात. इचारा कोणालाबी.” आणि खरा पुंजाबाबा कांदा साठवायच्या चाळीमागं जाऊन बसला, पाठ रस्त्याकडं करून. फ्लेक्स आम्ही उतरवला, पण फोनमधला कसा उतरवणार?

मग पोलीस ठाण्यातून ताईंना निरोप आला. उद्या या, आणि हे सगळं कुठून आणलं ते सांगा.

त्या दिवशी लंकाबाई वाचनालयात आली. ही पुंजाबाबाची बायको. वाचनालयाचा उंबरा तिनं आजवर ओलांडला नव्हता. टेबलाशी उभी राहिली, पदर दोन्ही मुठींत धरून.

“ताई, आमचा रुद्र भरतीत निघालाय. पळण्यात पास, डाक्टरीत पास. आता पोलिसांकडून त्याचं ते चालचलणुकीचं सर्टिफिकिट यायचं राह्यलंय. त्यात आज्याचं नाव बॉम्बात निघालं तर पोराचं काय व्हईल?”

“लंकाबाई, तसं काही नाही हो. इतिहास आहे तो.”

“तुमाला म्हायती हाय, मला म्हायती हाय. त्या कागद बघनाऱ्याला कोन सांगनार? तुमच्या तोंडातून नाव निघालंच पायजे का?”

ताईंनी शेवटच्या पुठ्ठ्याकडं पाहिलं. “मग खंडेरावबाबांचं नाव?”

“ते बी नको. बापाचं लागलं की ल्योक सापडतोच.”

“पुंजाबाबा काय म्हणतात?”

लंकाबाई भिंतीकडं बघत म्हणाली, “ते बोलंना झाल्येत. मान हलवली नुसती.”

ताईंच्या यजमानांनी घरी एकच सांगितलं, सगळं स्वतःचं आहे म्हण, विषय मिटव. दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, सोबत चला, एकटीचे पाय चालत नाहीत. शेअर जीपमध्ये त्यांनी पुस्तकांची पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. 

ठाण्यातले साहेब तरुण होते, जागरणानं डोळे लाल झालेले. त्यांनी फोनमधला फोटो पुढं सरकवला. “हे काय आहे, मॅडम?”

“प्रदर्शन. इतिहासाचं.”

“बॉम्बच्या.”

“हो. बॉम्बच्या इतिहासाचं.”

“माहिती कुठून आणली?”

आयुष्यभर कुणी न विचारता त्या हेच सांगत आल्या होत्या. आता कुणीतरी विचारलं होतं, आणि विचारणारं सरकार होतं. ताईंनी पुस्तकं एकेक बाहेर काढली. हे अमक्यांचं, मराठीत केलं तमक्यांनी, ही प्रत कुसाबाईंच्या मुलानं वडिलांच्या वर्षश्राद्धाला दिली, यातलं पान फाटलेलं होतं म्हणून तेवढं जिल्ह्याच्या वाचनालयातून उतरवून आणलं. लिहून घेणाऱ्या हवालदारानं मान वर केली.

“साहेब, वर्षश्राद्धबी लिहू का?”

“थांब जरा,” साहेब म्हणाले. “मॅडम, पुंजाबाबा कोण?”

ताईंनी पुस्तकं एकावर एक नीट रचली.  

“आहेत एक. शेवटचा पुठ्ठा त्यांचा. त्यांच्या वडिलांनी पाहिलेलं आहे ते. पण नाव मी सांगणार नाही.”

“फ्लेक्सवर तुम्हीच छापलंय.”

“नाव त्यांनी दिलं होतं. आता परत मागितलं. मी देऊन टाकलं.”

साहेबांनी खुर्ची मागं रेलवली. माणूस वाईट नव्हता. आवाज खाली आणून म्हणाले, “हे बघा, वरून विचारणा आहे, मला कागद पाठवायचाय. एक ओळ लिहा. सगळं मी नेटवरून घेतलं, पुंजाबाबा कुणी नाही, नाव चुकून छापलं. सही करा, चहा घ्या, घरी जा.”

मला वाटलं, सुटलो. मी ताईंकडं पाहिलं. 

“पण ते माझं नाही,” त्या म्हणाल्या.

“मग कुणाचं?”

“ते सांगता येत नाही.”

“मॅडम, हे दोन्ही एकदम चालत नाही. कुणाचं ते नाही, तर तुमचं. तुमचं नाही, तर कुणाचं तरी.”

“मला कळतंय, साहेब.”

“मग तुमच्यावरच येईल.”

“मला भीती वाटते,” ताई म्हणाल्या. “खूप भीती वाटते. पण मी काय करू?”

साहेबांनी सोमवारी पुन्हा यायला सांगितलं. तोवर विचार करा, म्हणाले. 

प्रदर्शन भरलं. माणसं थोडी आली, आली ती कुजबुजत वाचून गेली. शेवटच्या पुठ्ठ्यावर कौलाची सगळी हकिगत होती, खंडेरावाचं नाव नव्हतं. तळाच्या रेघेखाली लिहिलं होतं, ‘हे माझं नाही. ज्याचं आहे त्याचं नाव मला ठाऊक आहे. भीतीमुळे लिहिलेलं नाही.’

माणसं पांगल्यावर पुंजाबाबा आला. अक्षरांवर बोट ठेवून ठेवून त्यानं तो पुठ्ठा वाचला. बोट रेघेखाली आलं आणि तिथंच थांबलं.

ताईंनी हळूच विचारलं, “लिहू का बाबांचं नाव?”

पुंजाबाबानं दाराकडं पाहिलं. बाहेर कुणी नव्हतं.

“नको,” तो म्हणाला. मग म्हणाला, “सोमवारी काय सांगनार तुम्ही?”

“जे सांगितलं तेच.”

“अडकवतील तुमाला.”

“अडकवतील कदाचित.”

“माज्यावर लय राग आसंल.”

“नाही हो. मला तुमच्याइतकीच भीती वाटते. राग यायला जागाच उरली नाही.”

सोमवारी सकाळी ताई घरातून निघाल्या. पिशवी काखेत, पदर घट्ट खोचलेला. मी सोबत येतो म्हटलं, तर नको म्हणाल्या, तुमचंही नाव विचारतील. त्या स्टँडकडं चालू लागल्या. निवृत्तीनं टपरीतून पाहिलं, पण आज चेष्टा केली नाही. पुंजाशेठनं पाहिलं आणि तो वर्तमानपत्रात डोकं घालून बसला. मी देवळाच्या ओट्यावरून पाहत होतो. वळणावर एक कुत्रं आडवं पडलं होतं. ताई थबकल्या, पदर सावरला, आणि त्याच्या कडेनं पुढं गेल्या.

वळणावरच पुंजाबाबाचं कौलारू घर आहे. तो उंबऱ्यात उभा होता, टोपी घालून, कुठंतरी निघाल्यासारखा. ताईंना त्यानं पुढं जाताना पाहिलं, त्या दिसेनाशा होईपर्यंत पाहिलं. लंकाबाईनं मागून त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं होतं, आणि तो ते सोडवून घेत नव्हता.