मेलला घातलेला हार

भाईदास आबांना रेल्वेनं कुठं जायचं नसायचं. हे गावात कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण आबा रोज स्टेशनवरच असत. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि चेहऱ्यावर आत्ताच एखाद्या मोठ्या साहेबाशी बोलून आल्याचा भाव. जळगावहून सुरतेकडे जाणाऱ्या लाइनीवर, धरणगाव आणि अमळनेरच्या अधेमधे, खर्डे रोड नावाचं हे स्टेशन. एक कडुनिंब, एक हापसा, आणि जाता-येता थांबणारी एक पॅसेंजर. माणसाला पुरतं. आबांना पुरत नव्हतं. कापसाच्या जिनिंगमधून रिटायर होताच त्यांनी खर्डे रोड प्रवासी संघर्ष समिती काढली, स्वतः अध्यक्ष झाले आणि मेलला इथं थांबा मिळावा म्हणून निवेदनं द्यायला लागले.

निवेदनांत माणूस किती वर्षं राहू शकतो हे आबांकडे बघून कळायचं. पुढारी आला, दे निवेदन. रेल्वेचा कुणी साहेब तपासणीच्या डब्यातून नुसता डोकावला, दे निवेदन. देताना फोटो निघायचा. त्यात देणारा आणि घेणारा दोघंही कागदाकडे न बघता समोर बघायचे. कागद पुढे कुठं जातो, हा प्रश्न आबांना पडला नाही. पडला असता तर त्याच दिवशी समिती मोडली असती. मेल मात्र रोज खर्डे रोडवरून धडधडत निघून जायची आणि फलाटावरचा पालापाचोळा आबांच्या पांढऱ्या शर्टावर उडवायची. आबा तो झटकायचे आणि म्हणायचे, "थांबी, एक दिन थांबी."

पुष्पाबाई, त्यांची बायको, एकदा म्हणाली, "थांबनी तरी तुमले कोठे जानं शे?"

आबांनी खिशातली पेनं सारखी केली. अडाणी बाईशी काय बोलायचं!

घरात खरोखर कुठं जायचं होतं ते साक्षीला, त्यांच्या नातीला. तिचा बाप, आधार, रावेरला केळीच्या पॅकिंगवर होता. महिन्यातून एकदा यायचा. पोरीनं जळगावला राहून रक्त-लघवी तपासायचं शिक्षण घेतलं, आणि नंदुरबारच्या एका खाजगी दवाखान्यात तिची लॅबमध्ये निवड झाली. आज दुपारपर्यंत हजर व्हा, नाहीतर आम्ही पुढच्या नावाला बोलावू, असा त्यांचा निरोप होता. पॅसेंजरनं ती आरामात पोचली असती.

पण चाळीसगावच्या अलीकडे नदीनं रुळाखालची खडी धुऊन नेली. मुंबईची मुख्य लाइन बंद झाली. भुसावळहून येणाऱ्या मोठ्या गाड्या मनमाडला जायचं सोडून जळगावहून अमळनेर, नंदुरबार, सुरत असा लांबचा वळसा घेऊ लागल्या. त्यांना वाट हवी म्हणून पॅसेंजर रद्द. गावातून अमळनेरला जाणाऱ्या रस्त्यावर फरशी पुलावरून कमरेएवढं पाणी, म्हणून एसटी बंद. साक्षी भरलेली बॅग घेऊन ओट्यावर बसून राहिली.

तेव्हा स्टेशन मास्तरनं आबांना बोलावलं. राजदीप तायडे, जामनेरकडचा तरुण माणूस. आबांना सहन करायचा, हा त्याचा मोठेपणा. दार लोटून घेत तो म्हणाला, "आबा, वळवलेली एक मेल मी इथं फलाटावर घेणार आहे. समोरून मालगाडी येतेय, ती जाईपर्यंत थांबेल. साक्षीला तिकीट काढून उभी करा. जनरलचे डबे पुढे, इंजिनाला लागून. असल्या दिवसात कुणी हटकणार नाही. पण बोभाटा नको, हात जोडतो."

"म्हणजे मेल थांबणार?"

"क्रॉसिंगसाठी, आबा."

"पण थांबणार ना?"

"साक्षीला पाठवा," राजदीप म्हणाला.

आबा बाहेर आले. कडुनिंबाखाली उभे राहून त्यांनी मोबाइल काढला आणि समितीच्या ग्रुपवर टाकलं: आपल्या अथक संघर्षाला यश. मेल आज खर्डे रोडला थांबत आहे. सर्वांनी सत्कारासाठी उपस्थित राहावे. पूर, खडी, मालगाडी यांचा उल्लेख नव्हता. आबांना तो खोटेपणाही वाटला नाही. इतकी वर्षं मागितलं आणि आज मिळालं. मधे नदी आली, तर तो नदीचा प्रश्न.

तासाभरात फलाट भरला. तिकीट फक्त साक्षीनं काढलं होतं. बाकीचे गाडी बघायला आले होते. झेंडूचा मोठा हार आणि एक लांब माळ आली, पेढे आले, समितीचा सचिव तोताराम ताशावाल्याला घेऊन आला. कापडी फलक तर तयारच होता. त्यावर फक्त तारीख टाकायची राहिली होती. आमच्याकडे नवा थांबा मिळाला की ड्रायव्हरला हार घालायचा, इंजिनाला ओवाळायचं, नारळ फोडायचा, आणि नारळ फुटायच्या आत कुणी डब्यात पाय ठेवायचा नाही. हा नियम कुणी केला ठाऊक नाही. पण ज्यांना गाडीनं कुठं जायचं नसतं, असे लोक तो फार कडकपणे पाळतात.

"साक्षी," आबा म्हणाले, "ताट तू धर. अध्यक्षना घरनी पोर शे, शोभी दिसी."

"आबा, माले गाडीमा बसनं शे."

"मंग बस ना! आधी ओवाळ, मंग बस. गाडी तुन्हा आजाना शब्दवर थांबी राहिनी. पळी जावाव नही."

साक्षीनं बॅग खांद्याला लावली आणि ताट हातात घेतलं.

मेल आली. चिखलानं मळलेली, दमलेली, हळूहळू सरकत आली आणि खरोखर थांबली. ताशा कडाडला. खिडक्यांतून नाशिकला जाणारी, काल दुपारपासून गाडीत अडकलेली माणसं बघत होती. एका बाईनं रिकामी बाटली बाहेर काढून विचारलं, "भाऊ, पाणी मिळेल का?" हापसा दहा पावलांवर होता. तोतारामनं तिला पेढा दिला. एवढी गर्दी आता आत घुसणार या धास्तीनं जनरलच्या लोकांनी दारं आतून लावून घेतली. एकच दार उघडं राहिलं, कारण त्यात एक माणूस पाय सोडून बसला होता.

आबांनी इंजिनाच्या पायरीवर चढून ड्रायव्हरला हार घातला.

"काका, हे कोणतं स्टेशन?" ड्रायव्हरनं विचारलं.

आबांना ते ऐकूच आलं नाही. उरलेली लांब माळ दोघा-तिघांनी इंजिनाच्या काचेवर चढवली. ड्रायव्हर ओरडला, "अहो, ती काढा, मला पुढचं दिसत नाही!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबा समोर रुळावर उतरून बोलू लागले. प्रशासन, पाठपुरावा, खान्देशावरचा अन्याय. राजदीप धावत आला. मालगाडी केव्हाच निघून गेली होती, सिग्नल हिरवा होता. "आबा, रुळावरून वर या! साक्षी चढली का?"

दोघांनी हाताला धरून आबांना फलाटावर चढवलं. साक्षीनं ओवाळलं होतं. नारळ फुटला होता. ती ताट घेऊनच उघड्या दाराकडे वळली. आबांनीही तिला वळताना पाहिलं, आणि दार कुठं आहे तेही पाहिलं. त्याच वेळी तोताराम मोबाइल बघत म्हणाला, "आबा, फोटोमा तुम्हना डोया मिटेल शेतस."

"साक्षी," आबांनी हाक मारली, "मांघे ये. एक डाव परत."

ती मागे आली. लहानपणापासून ती त्यांच्या हाकेला मागे येत होती. आबांनी डोळे मोठे उघडून फोटो काढून घेतला. तेवढ्यात राजदीपच्या माणसांनी काचेवरची माळ ओढून काढली, भोंगा झाला, गाडी हलली.

साक्षीनं ताट फेकलं नाही. पेटलेल्या निरांजनाचं ताट फेकायचं नसतं, एवढं तिच्या हाडात होतं. ती खाली वाकली, ताट नीट जमिनीवर ठेवलं आणि मग धावली. दारातल्या माणसानं हात पुढे केला. बोटांना बोटं लागली, आणि फलाट संपला.

शेवटच्या डब्यातल्या गार्डनं हिरवा झेंडा हलवला. फलाटाच्या टोकाला उभ्या असलेल्या मुलीकडे बघून तो हसलाही. निरोप द्यायला आली असेल, असं त्याला वाटलं असावं.

खर्डे रोडवरून त्या दिवशी मेलमध्ये कुणीही चढलं नाही.

राजदीपला गाडी का रखडली याचं उत्तर वरती द्यावं लागलं. आबांबद्दल त्यानं काय सांगितलं ते कुणाला कळलं नाही. पुढे तो आबांना खुर्ची देईनासा झाला. साक्षीनं दवाखान्यात फोन केला. तिकडच्या बाईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या मुलीला बोलावल्याचं सांगितलं. ती नंदुरबारचीच होती, चालत आली होती. दोन दिवसांनी चाळीसगावची लाइन दुरुस्त झाली आणि मोठ्या गाड्या आपल्या वाटेनं निघून गेल्या. इकडची मेल आधीसारखी धडधडत जाऊ लागली. गावात लोक म्हणाले, आबांचा थांबा परत काढून घेतला, फार मोठं राजकारण झालं. आबांनी ते नाकारलं नाही.

मेल थांबून गेली त्या दिवशीच्या संध्याकाळी ओट्यावर साक्षी तांदूळ निवडत बसली होती. आबा कोरा कागद घेऊन तिच्याजवळ बसले. आवाज मऊ होता.

"घाबरू नको, पोरी. मी दवाखानावाल्यास्ले निवेदन देस. समितीना लेटरपॅडवर."

"मन्हा नावनं काही लिखू नका, आबा."

"अध्यक्षनं निवेदन कोन्ही टाळस नही." त्यांनी पेन उघडलं, वर तारीख घातली, विषय लिहिला आणि तिथं अडले. मग चष्म्यावरून बघत त्यांनी नातीला विचारलं,

"काय काम व्हतं वं तुन्हं तठे?"