केळवणाचा अडकलेला आहेर

माझ्या भाच्याने केळवणाआधीच बजावून ठेवलं होतं, "आत्या, डिनर सेट नको, चांदीची वाटी नको, आणि भिंतीवरचं घड्याळ तर अजिबात नको." मी म्हटलं, "बरं." माझ्या तोंडून इतक्या पटकन "बरं" निघालेलं ऐकून तो घाबरलाच असणार. आमच्या मंडळाची गणपतीतली नाटकं मी बसवते. मी न भांडता होकार दिला म्हणजे पडद्यामागे काहीतरी शिजतंय, हे चंदीगडमधल्या निम्म्या मराठी घरांना ठाऊक आहे.

शिजत होतं ते असं. भाचा मोहालीतल्या एका कंपनीत काम करतो. क्रिप्टोतला पैसा ठेवायला फोनमध्ये एक पाकीट लागतं, तसलं पाकीट तयार करणाऱ्या टोळीत तो आहे. (टोळी हा माझा शब्द. तो टीम म्हणतो.) लग्न ठरलं ते एका पंजाबी मुलीशी. मुलगी अशी की आता भाच्यापेक्षा तीच मला जास्त आवडते. तिचे वडील बँकेतून निवृत्त झालेले, सारी नोकरी सेक्टर १७ मध्ये काढलेले. जावई त्यांना पसंत होता, जावयाचं काम पसंत नव्हतं. "बेटा, जो चीज़ हाथ में आती नहीं, उसका बटुआ क्यों बनाना?" असं ते त्याला भेटेल तेव्हा विचारायचे, आणि हा कान लाल करून हसायचा.

केळवणाच्या आदल्या आठवड्यात त्या मुलीचा मला फोन आला. "आंटी, पापा ने सेक्टर ३४ में किसी से बात कर ली है. अकाउंट्स की नौकरी. आपके यहाँ खाने के बाद इससे हाँ करवाएँगे. और ये मना नहीं कर पाएगा, पापा के सामने इसकी आवाज़ ही नहीं निकलती." मग हळूच म्हणाली, "आंटी, इसे अपना काम बहुत पसंद है."

मला आणखी काय हवं होतं? नायक, नायिका, संशयी सासरा, आणि अंक कधी रंगणार तेही ठरलेलं! मी तिथल्या तिथे ठरवलं, आहेर क्रिप्टोतच द्यायचा आणि सासऱ्याच्या डोळ्यांदेखत द्यायचा. आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी बाई स्वयंपाकघरातून बटण दाबते आणि पैसे पाटावर बसलेल्या मुलाच्या फोनात जाऊन पडतात, हे पाहिल्यावर कोणाची बिशाद आहे त्याला अकाउंट्सला पाठवायची!

भाच्याला विचारणं शक्य नव्हतं, नाहीतर गंमत काय राहिली? मी व्हिडिओ बघून शिकले. पाकीट उघडलं. पाकिटाने मला बारा शब्द दिले आणि सांगितलं, हे कुठेतरी लिहून ठेवा, हीच तुमची किल्ली. मी ते एका चिठ्ठीवर लिहून वेलदोड्याच्या डबीत ठेवले. मग थोडं क्रिप्टो विकत घेऊन पाकिटात आणलं. भाच्याच्या पाकिटाचा पत्ता त्याने स्वतःच कधीतरी घरच्या ग्रुपवर हौसेने टाकला होता, तो मी जपून ठेवला होता. ते पाकिटात दिसलं तेव्हा मी एकटीच दिवाणखान्यात गिरकी घेतली. नवऱ्याने पेपरातून डोकं वर काढून विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "प्रयोगाला कळेल."

केळवण थंडी ओसरतानाच्या दुपारी होतं. उन्हाचा पट्टा थेट पाटांपर्यंत आला होता. मी रांगोळी काढली, भाच्याला आणि त्याच्या नवरीला पाटांवर बसवलं. नवरीच्या वडिलांचे गुडघे दुखतात म्हणून त्यांना शेजारी खुर्ची आणि पुढे स्टूल. वाढायला माझा नवरा. तो डॉक्टर आहे, पण केळवणात त्याच्याकडे मसालेभात आणि कोशिंबीर एवढंच खातं असतं. नवरीचे वडील मसालेभाताला पुलाव म्हणत होते आणि कच्चा कांदा मागत होते. दोन्ही मी प्रेमाने सोसलं.

भाच्याचा फोन मी आधीच मागून घेतला होता. "ओवाळताना वाजला तर बघ," असं दरडावून तो ओवाळणीच्या तबकात, निरांजनाच्या शेजारी, अक्षतांवर आडवा ठेवला. फोनला कुंकूही लावलं. नवरी म्हणाली, "आंटी, ये क्या?" मी म्हटलं, "पूजा है, बेटा. देखती जाओ."

मग मी स्वयंपाकघरात गेले आणि पैसे पाठवायला घेतले. आता पाकीट विचारतं, की पाठवण्याची फी किती देणार? ब्लॉकचेनवर, म्हणजे क्रिप्टोच्या सामायिक खातेवहीत, व्यवहाराची नोंद व्हायची ही फी. तिला गॅस म्हणतात. जास्त द्याल तर तुमचा व्यवहार लवकर उचलला जातो, कमी द्याल तर थांबायचं. तीन भाव समोर होते, सावकाश, मध्यम आणि जलद. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की हवा तर स्वतः भाव टाका.

हे वाक्य माझ्यासमोर यायलाच नको होतं. मी अपनी मंडीत भाजीवाल्याने सांगितलेला पहिला भाव कधीही दिलेला नाही. कोथिंबीर मी फुकट घेते, वर आलंही घेते. सावकाशाच्या भावाकडे बघून माझ्यातली ती बाई जागी झाली, आणि मी त्याच्याही निम्मा भाव टाकून बटण दाबलं. पाकिटाने हूं की चूं केलं नाही. मी मनात म्हटलं, बघा, देतात की नाही!

बाहेर आले. पदर खोचला, ओवाळलं, आणि तबक उंच धरून घोषणा केली, "आता आहेर! सब लोग फोन की तरफ देखिए!"

सगळ्यांनी बघितलं. नवरीच्या वडिलांनी चष्मा पुसून बघितलं. निरांजनाची वात हलली. फोन जिथे होता तिथे कुंकू लावून शांत पडून राहिला.

"बहनजी, किसका फोन आना है?" त्यांनी विचारलं.

"आहेर येणार आहे," मी म्हटलं. "शगुन. क्रिप्टो में. मैंने भेजा है!"

भाच्याचा घास हातातच राहिला. नवरीने डोळे मिटून घेतले. तिचे वडील मात्र खुर्चीत आरामात मागे टेकले, जशी माणसं नाटकाचा दुसरा अंक पडणार हे कळल्यावर टेकतात.

माझ्या फोनावर "प्रलंबित" असं लिहून एक चक्र फिरत होतं. मी तबक नवऱ्याच्या हाती दिलं आणि चक्राकडे बघत राहिले. तेवढ्यात नवरा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "अगं, किती पाठवलंस?"

मी आकडा सांगितला.

"गोल आकडा? आणि वरचा एक?"

बघा म्हणजे! आमच्या घरात शून्यावर संपणारा आहेर कोणी देत नाही. पाकिटावर रुपया चिकटवल्याशिवाय ते पाकीट बाहेर पडत नाही, आणि मी आत्या असून तो रुपया विसरले. मी तिथल्या तिथे वरच्या एकासाठी दुसरा, चिमुकला व्यवहार टाकला. या वेळी घासाघीस केली नाही. जलद भाव निवडला. फी रुपयापेक्षा कितीतरी मोठी होती, पण अब्रूचा प्रश्न होता. माझा हिशेब असा की हा चिमुकला तरी धावत जाईल, फोन वाजेल, आणि मोठा मागून येईल.

चिमुकलाही अडकला. आता दोन चक्रं फिरत होती.

"पैसे गए?" नवरीच्या वडिलांनी कांदा चावत विचारलं. त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं.

"रास्ते में हैं," मी म्हटलं.

"हाँ जी. किस रास्ते में?"

भाचा म्हणाला, "आत्या, फोन दाखव ना जरा."

"तू पाटावरून उठायचं नाहीस. आणि हात बघ आपला, श्रीखंडाने बरबटलाय."

"अगं, पण..."

"मी बघते."

मी काय बघणार होते? मी मदतीच्या एका ग्रुपवर प्रश्न टाकला, की माझे पैसे अडकले आहेत, काय करू? आणि काय सांगू, लगेच एका गोड अधिकाऱ्याचं उत्तर आलं. चिंता करू नका मॅडम, आम्ही सोडवतो, फक्त तुमचे बारा शब्द इथे लिहा. मी आनंदाने ओरडले, "सापडला! अहो, वेलदोड्याची डबी आणा बरं!" डबी आली. मी चिठ्ठी उलगडली आणि पहिला शब्द टाईप करू लागले.

"काय टाईप करतेयस?" भाच्याने पाटावरून विचारलं.

"ते बारा शब्द मागतायत. मदत करणारे."

त्यानंतर भाच्याने जो आवाज काढला, तो मी त्याच्या लहानपणापासून कधी ऐकला नव्हता. "आत्या, थांब! फोन खाली ठेव! एक अक्षर पाठवू नकोस!" कोशिंबीर वाढणारा नवरा दचकला आणि एक डाव नवरीच्या ताटाबाहेर पडला. सासऱ्यांसमोर ज्याचा आवाज निघत नाही म्हणत होते, तो मुलगा त्यांच्यासमोरच खणखणीत हिंदीत सांगत होता, "ये बारह शब्द जिसके पास, पैसा उसका. ये कोई ऑफिसर नहीं है, ठग है. कोई असली आदमी ये कभी नहीं माँगता. " मग माझ्याकडे वळून, "पुसून टाक ते, आणि त्याला ब्लॉक कर."

मी पुसलं. गोड अधिकाऱ्याला ब्लॉक केलं.

नवरीचे वडील खुर्चीत पुढे सरकले होते. "मतलब, लॉकर की चाबी माँग रहा था?"

"हाँ अंकल."

"लो जी," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "चोर तो असली है. तो माल भी असली ही होगा."

हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत जे चमकलं, ते मी ओळखलं. प्रेक्षकांत बसलेल्या माणसाला विंगेत यावंसं वाटू लागलं होतं. त्यांनी हात पुढे केला. मी फोन दिला. त्यांनी तो लांब धरला, चष्मा कपाळावर ढकलला आणि भाच्याला विचारलं, "दूसरे वाले को फीस पूरी दी है. वो क्यों रुका है?"

"क्योंकि वो दूसरा है, अंकल. एक बटुए से निकले हुए हर ट्रांज़ैक्शन का नंबर होता है. नंबर से ही जाते हैं. पहला हिलेगा नहीं तो दूसरा कितनी भी फीस दे, उसके पीछे खड़ा रहेगा."

"और पहला क्यों नहीं हिलता?"

भाच्याने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"आत्या, फी किती टाकलीस?"

"सावकाशाच्या... थोडी खाली."

"किती खाली?"

"निम्मी."

नवरी इतकी हसली की तिला ठसका लागला. "आंटी ने ब्लॉकचेन से धनिया फ्री में माँगा!"

वडील मात्र हसले नाहीत. ते गंभीर होऊन फोनकडे बघत होते, जसं एखाद्या जुन्या काउंटरवर परत बसावं. "तो रद्द करके दूसरा नंबर लो."

"दूसरा नंबर नहीं, अंकल. नंबर वही रखना है. वही रकम, वही नंबर, बस फीस ज़्यादा. तब ये नया वाला पुराने की जगह ले लेगा. दोनों में से एक ही जाएगा, पैसा दो बार नहीं कटेगा. और रद्द करना हो तो भी उसी नंबर पर, ज़्यादा फीस देकर, खुद को ही शून्य भेज दो."

"उसी नंबर का चेक, दोबारा," वडील पुटपुटले. "पहला अपने आप बेकार." मग मोठ्याने म्हणाले, "बहनजी, फीस बढ़ाएँ? मार्केट रेट?"

"मार्केट रेट," मी मान खाली घालून म्हटलं.

भाचा पाटावरून शब्दांनी वाट दाखवत होता. अडकलेल्या व्यवहारावर बोट ठेवा, गती वाढवा असं बटण आहे, आता फीचा मधला भाव बघा, नाही, जलदच घ्या. वडील एकेक पायरी स्वतःशी पुन्हा म्हणत करत होते. शेवटचं बटण त्यांनी स्वतः दाबलं. तर्जनीने, शिक्का मारावा तसं.

आम्ही सगळे तबकाकडे बघू लागलो. फोन थरथरला, अक्षता नाचल्या. आम्ही काही बोलायच्या आत तो पुन्हा थरथरला.

"दूसरा भी आ गया!" वडील ओरडले. "नंबर से आया! देखा? पहला हटा, दूसरा भागा!" आणि त्यांनी दुखरे गुडघे विसरून खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या. मी वाकून नमस्कार केला. टाळ्या मला नव्हत्या, पण अशा बाबतीत मी फार चिकित्सा करत नाही.

नवऱ्याने ताटं उचलली. विड्याची तबकं फिरली. आता ते त्या नोकरीचं विचारणार, म्हणून मी आणि नवरी एकमेकींकडे बघत बसलो होतो. वडिलांनी भाच्याला हात धुवून यायला सांगितलं, आपल्या शेजारी खुर्ची ओढली आणि घसा साफ केला.

"देखो बेटा, पैसा मैं इसमें एक नहीं डालूँगा. ये पक्का है."

"जी अंकल."

"लेकिन लाइन में किसको पहले उठाना है, ये तय कौन करता है? कोई मैनेजर तो होगा?"

"मैनेजर नहीं है, अंकल. वही तो मज़ा है."

"मैनेजर नहीं है?" ते हादरले. "और फिर भी क्लियर होता है? बैठो. शुरू से बताओ."

भाचा बसला. त्याने टेबलावर वेलदोडे रांगेत मांडले आणि सांगायला लागला. आवाज अगदी मोकळा. वडील मध्ये मध्ये वेलदोडा उचलून विचारायचे, "और इसने कम फीस दी तो?" नवरी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ऐकत होती. सेक्टर ३४ च्या त्या ओळखीच्या माणसाचा फोन मध्ये एकदा वाजला. वडिलांनी नाव बघितलं, कानाला लावला आणि म्हणाले, "यार, बाद में. अभी दामाद का काम समझ रहा हूँ."