गंगम्माचं स्केच

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा कुणाचं काय भलं झालं ते पुढारी जाणोत, मन्मथ पेंटरचं मात्र झालं. पाटीपाटीवरचं ‘जिल्हा उस्मानाबाद’ खरवडायचं आणि ‘जिल्हा लातूर’ लिहायचं, एवढ्यावर त्याच्या घरी चहात दूध पडू लागलं. पण गड्याचा जीव पाट्यांत नव्हता, स्केचमध्ये होता. गंजगोलाईच्या बाजारात हा शब्द त्यानंच रुजवला. चित्र म्हणजे कॅलेंडरवरचे देव, फोटू म्हणजे स्टुडिओत श्वास रोखून बसल्यावर निघतो तो. आणि माणूस नुसत्या पेन्सिलीनं कागदावर उतरवायचा, ते स्केच.

एक दिवस किराणावाले महादेवप्पा आले. बायको गंगम्मा बहात्तरच्या दुष्काळात गेलेली, फोटू एकही नाही. डोळे मिटायच्या आत तिचं तोंड बघायचं होतं.

“अप्पा, नाक कसं होतं?”

“असंल की, नाकासारखं.”

“डोळे?”

“पदर असायचा रे.”

शेजारचा पानवाला सिद्धलिंग खिदळला, “इतकी वर्षं संसार केला अप्पा, अन् तोंड बघितलं न्हाई?”

अप्पा लाजले. “बा होता घरात, आई होती. त्यांच्यादेखत बायकोकडं बघायची टाप होती का? अन् दिवा मालवल्यावर कुठलं नाक अन् कुठले डोळे!”

मन्मथनं अप्पांच्या बहिणीला, उमाबाईला विचारलं. तिनं भावजयीचं असं वर्णन केलं, की त्यावरून हिडिंबाच काढावी लागली असती.

शेवटी मन्मथ म्हणाला, “अप्पा, तुम्हाला काय दिसायचं तेवढंच सांगा.”

मग अप्पा सुटले. चुलीपुढं पाठमोरी गंगम्मा. चोळीला खांद्यावर ठिगळ. दुष्काळात रेशनवर मिळणाऱ्या मिलो ज्वारीची तांबडी भाकरी थापताना डुलणारी मान. अन् मागं न बघता पहिली भाकरी त्यांच्या ताटाकडं सरकवणारा हात. ऐकता ऐकता पेन्सिल चालत राहिली.

स्केच अप्पांच्या घरी भिंतीवर लागलं. उमाबाई कडाडली, “अगं बया! तोंड मागितलं तर पाठ टांगली की रे!” जमलेली गल्ली हसून हसून लोळली. मन्मथचं तोंड उतरलं. कुठून ही हौस केली, असं त्याला झालं.

लोक पांगले. तो उंबऱ्याबाहेर चपला शोधत होता, तेवढ्यात आतून अप्पांचा दबका आवाज आला.

“गंगे, वळ की इकडं. बा बी न्हाई अन् आई बी न्हाई आता.”