मौनसभेचे अध्यक्ष

माझे यजमान लक्ष्मीकांत झोपेतही बोलतात, तेही मुद्देसूद. कुवेतमध्ये एका कंपनीचे हिशेब तपासणं ही त्यांची नोकरी; बोलणं हा स्वभाव. हवल्लीतल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये ते शिरले, की शेजारी मधल्याच मजल्यावर उतरून जिन्याने जातात.

गेल्या दिवाळीत मराठी मंडळाचे अध्यक्ष म्हणून ते स्वागताच्या भाषणाला उभे राहिले. नाचासाठी नटलेली मुलं खुर्च्यांवर पेंगायला लागली, तरी यांचं स्वागत चालूच. शेवटी शैलेशने माइक बंद केला. हा शैलेश म्हणजे त्यांचा कुवेतमधला पहिला मित्र. हे विमानतळावर उतरले त्या दिवशी त्यानेच घरी नेऊन आमटीभात वाढला होता. माइक बंद झाला आणि दोघांचं बोलणंही. शैलेश आमच्या खालच्याच मजल्यावर राहतो. त्याची बायको उर्वी आणि मी जमियात, म्हणजे इथल्या सहकारी बाजारात, पालेभाजीच्या रॅकमागे चोरून भेटायचो. घोड्याएवढे दोन बाप्ये रुसून बसतात आणि आम्ही कोथिंबिरीच्या आडून बोलायचं! मला संताप यायचा आणि वाईटही वाटायचं. ही दिवाळीसुद्धा अशीच गेली, तर मैत्री कायमची तुटणार होती.

अशात मीना अल-अहमदीच्या रिफायनरीतला पीटर नावाचा इंग्रज इंजिनिअर यांना भेटला. तो क्वेकर. हा साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी इंग्लंडात निघालेला ख्रिस्ती पंथ. सगळी माणसं सारखी, म्हणून न्यायाधीशासमोरही ते टोपी काढत नसत. शपथही घेत नसत, कारण एरवी काय आम्ही खोटं बोलतो? त्यापायी तुरुंगात गेले. विद्यापीठांची दारं बंद झाली, तेव्हा धंद्यात शिरले आणि बँका, चॉकलेटचे कारखाने काढले. चॉकलेटपर्यंत आल्यावर मला हे लोक आवडायला लागले. त्यांच्या सभेत सगळे गप्प बसतात. ज्याला आतून वाटेल, त्यानेच उठून बोलायचं. मतदान नाही. शेवटी शेजाऱ्याशी हस्तांदोलन झालं, की सभा संपली.

पीटरच्या घरची अशी सभा पाहून हे भारावून आले.

"सुजाता, तासभर कोणी बोललं नाही!"

"आणि तुम्ही?"

"मला सारखं आतून वाटत होतं. पण पीटरसरांनी नुसतं बघितलं."

'सर' म्हणू नकोस, हे सांगून सांगून पीटर थकला होता.

मंडळाची दिवाळीची सभा आमच्या घरी, क्वेकरांच्या पद्धतीने ठरली. उर्वीने शैलेशला ओढत आणलं. मी मुद्दामच त्याला यांच्या शेजारची खुर्ची दिली. सगळ्यांचे फोन मी पिठाच्या डब्यात घातले. मग लक्ष्मीकांत मौनाचं महत्त्व सांगायला उभे राहिले. टोपी झाली, तुरुंग झाला, चॉकलेट झालं, पुन्हा टोपी आली.

"लक्ष्या," शैलेश जमिनीकडे बघत म्हणाला, "गप्प बसायचंय ना? मग बस की."

वर्षभरातला हा पहिला शब्द. हे चटकन बसले.

मग खरोखरच शांतता पसरली. नुसता एसी घुरघुरत होता. खजिनदारांना आतून वाटलं, पण ती जांभई निघाली. बराच वेळ गेला. आता अध्यक्षांनी शेजाऱ्याचा हात हातात घ्यायचा, की सभा संपणार. पण शेजारी शैलेश! यांचा हात गुडघ्यावरून थोडा उचलला जाई आणि पुन्हा खाली जाई. पीटरच्या घरची ती साधी रीत. आमच्या मंडळाने मात्र तिचा नियम करून टाकला होता. हस्तांदोलन झाल्याशिवाय कोणी उठेना. स्वयंपाकघरात माझे साबुदाणा वडे गार होत होते आणि मंडळी आशाळभूतपणे दाराकडे बघत होती.

शेवटी शैलेशनेच हात पुढे केला. "वडे गार होतायत," तो पुटपुटला.

यांनी तो हात दोन्ही हातांत धरला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना. डोळे भरून आले. यांना शब्द न सापडणं आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होतं. माझेही डोळे भरले.

शैलेश मात्र पार घाबरला.

"वहिनी, याला काय झालं? लक्ष्या, अरे बोल ना! स्वागताचं भाषण कर हवं तर, पण बोल!"